सत्तेचाळीस नंबरचा बिल्ला

आमच्या कारखान्यात पाण्याचे पंप दुरुस्त होतात. माणसं होत नाहीत. एकतीस वर्षं हत्यारखोलीच्या जाळीमागे बसून मी दोन्ही पाहत आले आहे, तेव्हा हे ऐकीव नाही, नोंदीतलं आहे. तरी माझ्या रजिस्टरात अपवाद सापडतात. एक, फार तर दीड. तेवढे सांगते.

आधी खिडकीचा नियम. प्रत्येक कामगाराकडे नंबर ठोकलेला एक पितळी बिल्ला असतो. पाना हवा, तर बिल्ला द्यायचा. पाना जिथून काढला त्या रिकाम्या खिळ्यावर मी बिल्ला अडकवते. संध्याकाळच्या भोंग्याआधी वस्तू परत आली की बिल्ला परत. नाही आली, तर गेटजवळच्या काळ्या फळ्यावर मी खडूनं लिहिते: अमुक वस्तू, अमुक नंबर, बाहेर. ओरडा नाही, दंड नाही. पण घरी जाताना सत्तर माणसं तो फळा वाचतात. फोरमनच्या शिव्या माणूस चहाबरोबर गिळतो; फळ्यावरचं ‘बाहेर’ काही केल्या गिळता येत नाही.

एक पोटनियमही आहे. संच अपुरा आला, तर तो आलाच नाही असं धरायचं. बारा पान्यांतले अकरा आणणाऱ्याला मी अकराबद्दल शाबासकी देत नाही.

तर, सत्तेचाळीस नंबर म्हणजे आमचा एक फिटर. सगळे त्याला ‘उद्या’ म्हणायचे, आणि तो ओ द्यायचा. चालू पंपावर तळहात ठेवून कोणतं बेअरिंग गेलंय ते सांगणारा माणूस. हातात सोनं, पण स्वतःचं कोणतंही काम उद्यावर. प्रत्येक दुरुस्त पंपाला एक कार्ड बांधलेलं असतं. त्यावर दोन रकाने: ‘दुरुस्ती’ समोर फिटरचा नंबर, आणि ‘तपासले’ समोर सही. सही करायचा अधिकार वरची परीक्षा पास झालेल्यालाच. वीस वर्षं पहिल्या रकान्यात सत्तेचाळीस, आणि दुसऱ्यात दुसऱ्या कोणाची तरी सही. गेली चार वर्षं तर ती सही त्याच्या सख्ख्या मेहुण्याची. बायकोचा धाकटा भाऊ. आमच्याकडेच शिकाऊ म्हणून आला, सव्विसाव्या वर्षी परीक्षा पास झाला आणि आता फोरमन आहे. पोरगा गुणी. भावजींचा मान ठेवायचा. भावजींनी जोडलेल्या पंपावर सही करताना खाली मान घालायचा, आणि तेच भावजींना जास्त लागायचं.

उद्यानं परीक्षेचा फॉर्म सहा वेळा भरला होता. परीक्षेला बसला होता शून्य वेळा.

एका दुपारी तो खिडकीशी आला. बिल्ला पुढे केला नाही, नुसता जाळीला टेकला.

“ताई, पंचेचाळीस पूर्ण झाली की परीक्षेला बसू देत नाहीत.”

“माहीत आहे.”

“परीक्षा अकरा आठवड्यांनी आहे. माझा वाढदिवस तेरा आठवड्यांनी.”

“म्हणजे उद्याचे उद्या संपले म्हण की.”

तो हसला नाही. म्हणाला, “पेन्शनीत जाईपर्यंत माझ्या पंपावर त्या पोराची सही. आणि माझी कुठेच नाही. एवढंच राहिलंय मनात. तुम्ही रोज आठवण कराल का मला, अभ्यासाची?”

“आठवण? वहिनी करत नाहीत?”

“करते की. सकाळ-संध्याकाळ.”

“मग तुझ्याकडे आठवणीचा तुटवडा नाहीये. आठवण म्हणजे डास. कानाशी गुणगुणतो, माणूस हात हलवतो आणि कूस बदलतो. पुस्तक आहे का?”

“आहे. पण ते कपाटाच्या आखूड पायाखाली आहे. काढलं की कपाट डुलतं.”

परीक्षेच्या जाड्या पुस्तकाची एक प्रत हत्यारखोलीतही होती. यादीत तिला नंबर होता, भिंतीवर खिळा होता. नऊ वर्षांत कोणी मागितली नव्हती. मी धूळ झटकून ती खिडकीत ठेवली.

“हे हत्यार आहे,” मी म्हणाले. “संध्याकाळी बिल्ला ठेवून घरी न्यायचं, सकाळी परत आणायचं. सोबत सोडवलेल्या पाच प्रश्नांचा कागद. कागद नसेल तर संच अपुरा. संच अपुरा असेल तर...”

“बिल्ला नाही.”

“आणि बिल्ला नाही तर?”

“हत्यार नाही.” त्यानं मागे वळून कामाच्या टेबलांकडे पाहिलं. फोरमन तिथेच उभा होता. हत्यार नसलेला फिटर सगळ्यांच्या देखत कसा दिसतो, हे उद्याला कोणी समजवायची गरज नव्हती. “ताई, हे जरा जास्त होतंय.”

“जास्त होत असेल तर नको. आठवण फुकट मिळते, ती घरी आहेच.”

त्यानं बिल्ला ठेवला.

नव्याचे नऊ दिवस म्हणतात ते उगीच नाही. नऊ दिवस कागद आले. बरोबर की चूक, ते मला कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. तिरका वॉशर बघवत नाही असा माणूस कागदावर मुद्दाम खोटं गणित लिहिणार नाही, एवढा त्याचा हिशोब माझ्याकडे होता. दहाव्या दिवशी नुसतं पुस्तक आलं.

“पाहुणे आले होते, ताई.”

“बरं. बसले का निवांत?”

“हो, बसले की.”

“मग तूही बस.” पुस्तक मी घेतलं नाही, बिल्ला खिळ्यावरच राहिला.

तो आपल्या टेबलाशी जाऊन उभा राहिला. हात कुठे ठेवावेत ते त्याला सुचेना. खिशात घातले, काढले, पंपावर ठेवले. पंपाला काही फरक पडला नाही. येणारा-जाणारा विचारू लागला, “काय उद्याशेठ, आज तपासणी अधिकारी का?” शेवटी फोरमन माझ्या खिडकीशी आला, आवाज खाली घेऊन.

“ताई, सोडा की भावजींना. घरी माझी बहीण मलाच ऐकवेल.”

“तिला सांगा, खिडकीला भाऊ नसतो आणि बहीणही नसते.”

साडेदहा वाजता उद्यानं एक खोकं उलटं केलं, त्यावर बसून गुडघ्यावर कागद घेतला आणि पाच प्रश्न सोडवले. कागद तेलकट होता. मी घेतला. तेलाबद्दल नियम नाही.

त्यानंतर चार आठवडे कागद कसे घड्याळ लावल्यासारखे. मला वाटलं, गाडी रुळाला लागली. माणसाबद्दल असं वाटलं की रजिस्टर पुन्हा एकदा बघावं. मी बघितलं नाही, ही माझी चूक.

सहाव्या आठवड्यात एका सकाळी पुन्हा नुसतं पुस्तक आलं. मी परत सरकवलं. त्यानं वाद घातला नाही, मुकाट गेला. हे मला खटकलं. वाद न घालणाऱ्या माणसाकडे दुसरी वाट असते. पाऊण तासानं खिडकीवर झुंबड उडाली. वीस हात एकदम खिडकीत, वीस बिल्ले. हा घे पाना, हा घे पुलर, ही घे कानस. अशात एक बिल्ला माझ्या हातात आला, कोणीतरी “मायक्रोमीटर” म्हणालं, मी दिला, आणि बिल्ला खिळ्याकडे नेता नेता अंगठा थबकला.

आमचे बिल्ले पत्र्यातून ठोकून काढलेले आहेत. त्यांच्या कडेला बारीक कूस असते, बोटाला टोचणारी खरखर. तीस वर्षांत झिजून ती मऊ होते, पण जात नाही. या बिल्ल्याची कड आरशासारखी गुळगुळीत. वजन पूर्ण. भोक अगदी मधोमध. आमच्या कारखान्यानं इतकं चांगलं काम स्वतःसाठी कधीच केलेलं नाही. मी तो खिळ्यावर लावला आणि जेवणाची सुट्टी होईपर्यंत गप्प राहिले.

सुट्टीत त्याला बोलावलं. दोन बिल्ले शेजारी शेजारी मांडले: एक पुस्तकाच्या खिळ्यावरचा, एक मायक्रोमीटरच्या. दोन्हींवर सत्तेचाळीस.

तो आधी वर पाहू लागला, मग खाली, मग म्हणाला, “सापडलं वाटतं.”

“किती वेळ लागला?”

“दोन संध्याकाळी. काम संपल्यावर इथेच लेथवर. आकडे ठोकायचे ठसे मात्र मागून आणले.” आणि मग न राहवून, “माप बघितलंत? केसाचाही फरक नाही.”

“या दोन संध्याकाळींत किती प्रश्न सुटले असते?”

“दहा.”

“सोपे होते की अवघड?”

“बिल्ल्यापेक्षा सोपे,” तो म्हणाला, आणि आम्हा दोघांनाही हसू आलं. काम टाळायला इतकी मेहनत घेणारा माणूस मी पाहिला नव्हता. आळशी म्हणायची सोयच ठेवली नव्हती त्यानं.

“वरवर बघून कोणाला कळलं नसतं, हे मात्र खरं,” मी म्हणाले. कौतुक तोंडातून गेलं, आणि तिथेच मी सापडले.

“मग तुम्हाला कसं कळलं?”

“अंगठ्यानं.”

“अंगठ्यानं.” त्यानं मान तिरकी केली, चालू पंप ऐकताना करतो तशी. “ताई, तुम्ही आकडा वाचलाच नाहीत ना? सत्तेचाळीस अडकलेला आहे हे तुम्हाला माहीत होतं. आकडा वाचला असता तर खिडकीतच मला धरलं असतं. तुम्ही आकडे वाचतच नाही. हातांनी ओळखता आम्हाला.”

“गर्दी होती.”

“रजिस्टर द्या जरा.”

रजिस्टर मी कोणाच्या हातात देत नाही. त्या दिवशी कसं दिलं, ठाऊक नाही. त्यानं दोन वर्षांपूर्वीचं पान काढलं. एका ओळीत एक नोंद, मुंग्यांसारखं बारीक अक्षर. मग चालू पान काढलं. एकेक नोंद दोन ओळी खाऊन बसलेली, आकडे अंगठ्याएवढे.

“दुरुस्तीत याला झीज म्हणतात,” तो म्हणाला. “मोतीबिंदू ना? काढणार कधी?”

“पुढच्या महिन्यात.”

“दीड वर्ष झालं तुमच्या पुढच्या महिन्याला. मला उद्या म्हणता. माझा उद्या निदान दुसऱ्या दिवशी तरी येतो.”

“अजून पिकला नाही तो.”

“फळ आहे का ते?”

आपण हसे लोकाला आणि शेंबूड आपल्या नाकाला, ही म्हण मी या खिडकीतून किमान शंभर जणांना ऐकवली होती. सुनेनं तीनदा डॉक्टरची तारीख घेतली, तीनदा मी मोडली, आणि तिन्ही वेळा ती म्हणाली, “असू दे आई, पुढच्या महिन्यात बघू.” भली पोर आहे. भल्या माणसांनीच माझा डोळा दीड वर्ष पिकवला. घरचे माफ करतात. त्यांचा जीव असतो ना आपल्यावर. काम पार पडायला अशी खिडकी लागते, जिचा जीव फक्त वस्तू परत येण्यावर असतो.

“तुमच्याकडे बिल्ला नाही,” उद्या म्हणाला. “तुम्ही कधी काही नेतच नाही ना.” त्यानं खोटा बिल्ला उचलला, टेबलाशी गेला, कानशीनं सत्तेचाळीस घासून काढलं आणि एक शून्य ठोकलं. संध्याकाळी गेटजवळ गेले तर फळ्यावर माझ्या अक्षराशेजारी त्याचं अक्षर होतं:

ताईंचा डावा डोळा. नंबर शून्य. बाहेर.

सत्तर माणसांनी वाचलं. दुसऱ्या दिवशी गेटवरचा पहारेकरी म्हणाला, “काय ताई, डोळा आला का परत?” तिसऱ्या दिवशी कॅन्टीनवाल्यानं चहा देताना मोठ्यानं, हळू हळू सांगितलं, “कप... तुमच्या... उजव्या... हाताला.” पुसायला जावं तर तो फळा माझाच, नियमही माझाच: वस्तू आल्याशिवाय ओळ पुसायची नाही. पाचव्या दिवशी मी सुनेला फोन केला.

“घे तारीख.”

“आई, बरं आहे ना तुम्हाला?” ती घाबरलीच.

तारीख मिळाली, पण अशी की परीक्षेच्या तीन आठवडे आधी मी आठ दिवस रजेवर. आता मला काळजी लागली, आणि ती डोळ्याची नव्हती. माझ्या जागी खिडकीत बसणार होता फोरमन. तोच, जो भावजींपुढे मान वर करत नाही. आणि भावजी तरी असे की अख्ख्या जगाला कागद दाखवतील, त्या पोराला नाही. एक दिवस चुकला तर तो म्हणणार, “राहू द्या भावजी,” आणि हा राहू देणार. शेवटच्या तीन आठवड्यांत एकदा राहिलं, की राहिलंच.

किल्ल्या देताना मी फोरमनला आत बसवलं, माझ्या खुर्चीवर.

“संच अपुरा असेल तर?”

“बिल्ला नाही,” तो म्हणाला. मग हळूच, “ताई, मोठे आहेत हो ते. माझ्या तोंडून कसं निघेल?”

“चार वर्षं तुम्ही त्यांना सवलत देताय. सही करताना मान खाली घालता. त्यांना वाटतं तुम्हाला कीव येते.”

“कीव? छे! मी त्यांच्याच हाताखाली शिकलो. मला लाज वाटते.”

“ते त्यांना कुठे माहीत आहे? इथून दिसतं ते एवढंच, की एक माणूस मागत नाही म्हणून दुसरा देत नाही. मागा.”

ऑपरेशनचं सांगण्यासारखं काही नाही. वीस मिनिटं. दीड वर्ष ज्याला घाबरले ते वीस मिनिटांत उरकलं, हा हिशोब मी कोणाला फारसा सांगत नाही.

नवव्या दिवशी कारखान्यात आले. काळा चष्मा काढला, रजिस्टर उघडलं, आणि फोरमनची बारीक अक्षरं डाव्या डोळ्यानं वाचू लागले. पहिला दिवस: पुस्तक परत, कागद एक. दुसरा दिवस: तेच. तिसरा दिवस: पुस्तक परत, कागद नाही. बिल्ला दिला नाही.

तिथे बोट थांबलं. पुढची ओळ वाचायला मी जरा वेळ घेतला.

चौथा दिवस: कागद दोन. बिल्ला दिला. त्यापुढे रोज एक कागद. मी कागदांचा गठ्ठा काढला. माझ्या काळातले कागद न तपासलेले, जसे आले तसे ठेवलेले. या आठ दिवसांतल्या कागदांवर लाल पेन्सिल फिरलेली होती. एका गणिताखाली लिहिलं होतं, ‘भावजी, इथे दाब धरायला विसरलात.’ त्याखाली उद्याचं अक्षर, ‘तूही मागच्या वर्षी विसरला होतास, सहा नंबरच्या पंपाला.’ त्याखाली पुन्हा लाल पेन्सिल: ‘मान्य.’

“तिसऱ्या दिवशी काय झालं?” मी उद्याला विचारलं.

“उभं केलं मला. दिवसभर.” त्याचा चेहरा तक्रार करणाऱ्याचा नव्हता. “मी म्हटलं, अरे सोड, ताई नाहीयेत. तर म्हणतो कसा, ‘भावजी, तुम्ही मला पहिल्या वर्षी एक बोल्ट आठ वेळा काढून घट्ट करायला लावला होता. तेव्हा मी सोडा म्हटलं, तुम्ही सोडलंत का?’ आता काय बोलणार? घरी जाऊन दोन कागद केले. हिनं विचारलं, आज दोन का? म्हटलं, तुझा भाऊ बसलाय खिडकीत.”

संध्याकाळी मी फळ्यावरची माझी ओळ पुसली. पहारेकऱ्यानं टाळ्या वाजवल्या. मी त्याला दटावलं, पण लगेच नाही.

परीक्षेच्या दिवशी उद्या परीक्षेला बसला. हे वाक्य साधं दिसतं, पण त्यासाठी सहा फॉर्म आणि अकरा आठवडे लागले. निकाल लागला तेव्हा पास व्हायला पन्नास लागत होते, त्याला त्रेसष्ट. फोरमनला त्याच्या वेळी एकसष्ट मिळाले होते. या दोन मार्कांवर घरी किती दिवस बोलणं झालं, त्याची नोंद माझ्याकडे नाही.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो खिडकीशी आला. पुस्तक ठेवलं, म्हणाला, “संच पूर्ण.” मी बिल्ला दिला. अकरा आठवडे रोज रात्री माझ्याकडे राहिलेला बिल्ला; कडेची कूस तशीच.

“आता तुझ्या पंपावर तुझी सही,” मी म्हणाले.

“नाही ना!” तो हसला. “नियम वाचलात का? स्वतःच्या पंपावर स्वतः सही करायची नाही. माझ्या पंपावर तोच करणार. मी दुसऱ्यांच्या तपासणार.” याचं त्याला मुळीच वाईट वाटत नव्हतं, हे मी नीट पाहिलं. “बरोबरच आहे म्हणा. मी माझं तपासलं असतं तर काय काय पास केलं असतं.”

दुपारी मेहुणा त्याच्या पंपाशी आला, कार्डावर सही केली, आणि या वेळी मान वर ठेवून म्हणाला, “भावजी, पॅकिंग जरा सैल आहे.” भावजी म्हणाले, “सही आधी करतोस आणि सैल मग सांगतोस? खोड ती सही!” दोघं वाद घालत बसले. चांगला अर्धा तास.

डॉक्टरांनी मला तीन महिन्यांनी उजव्या डोळ्यासाठी यायला सांगितलं होतं. तीन महिने झाले. एका डोळ्यानं छान दिसत होतं, नोंदी पुन्हा एका ओळीत मावत होत्या, आणि सुनेला मी म्हणाले होते, एवढी काय घाई, पुढच्या महिन्यात बघू. ती म्हणाली होती, “असू दे आई.” हे कारखान्यात कोणाला सांगितलं नव्हतं; तीन महिन्यांची मुदत तेवढी सगळ्यांना ठाऊक होती. पण भोंगा झाल्यावर फळ्यापाशी गेले, तर तिथे स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं:

ताईंचा उजवा डोळा. नंबर शून्य. बाहेर.

आणि त्याखाली, ‘तपासले’ या शब्दासमोर, एक लांबलचक, वळणदार, वीस वर्षं मनातल्या मनात गिरवलेली सही.

मी ती पूर्ण वाचली, मग सुनेला फोन लावला.